करार झाले, तरी मुलीचे घर सापडत नाही

प्रश्न एका समाजकार्य शाखेच्या विद्यार्थिनीचा आहे. क्षेत्रकार्यासाठी ती ज्या बालगृहात जाते, तिथे छाप्यात सुटका झालेली एक बांगलादेशी मुलगी गेले १९ महिने राहते आहे. भारत आणि बांगलादेश यांच्यात करार आहे, संयुक्त राष्ट्रांचा उपकरार आहे, तरीही तिला घरी का पाठवता येत नाही, आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते प्रत्यक्षात असते तरी कुठे, असे तिने विचारले आहे.

गेली २२ वर्षे मी मुंबईत मानवी तस्करीच्या खटल्यांत पीडितांच्या बाजूने वकिली करतो आहे. माझ्या अनुभवात हे सहकार्य दोन टोकांना दिसते. एक टोक दिल्ली-ढाक्यातल्या बैठकांचे, जिथे सह्या होतात. दुसरे टोक पश्चिम बंगाल-बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोलच्या फाटकावर, जिथे अलीकडची महिला शिपाई आणि पलीकडच्या संस्थेची कार्यकर्ती मुलीचा हात एकमेकींच्या हाती देतात. या दोन टोकांमध्ये जे कागदांचे लांबलचक अंतर आहे, त्यात आपली मुलगी १९ महिने अडकलेली आहे. आणि त्या अंतरात सर्वांत अवघड जागा कुठली असेल, तर ती म्हणजे तिचा पत्ता.

आधी करारांबद्दल, थोडक्यात. २००० साली पालेर्मो परिषदेत संघटित गुन्हेगारीविरोधी संयुक्त राष्ट्रांच्या कराराला जोडून मानवी तस्करीविषयीचा उपकरार झाला आणि तो डिसेंबर २००३ मध्ये अंमलात आला. भारताने त्यावर २००२ साली सही केली, पण त्याला मान्यता दिली २०११ मध्ये. बांगलादेश त्यात २०१९ साली सामील झाला, नेपाळ २०२० साली. म्हणजे ज्या तीन देशांमधली ही वाहतूक जगात कुप्रसिद्ध आहे, ते तिघे एका कराराखाली यायला उपकरार तयार झाल्यापासून २० वर्षे लागली. दरम्यान २००२ साली काठमांडूत सार्क देशांचा स्वतंत्र करार झाला होता, परंतु त्यात तस्करीची व्याख्या केवळ वेश्याव्यवसायापुरती मर्यादित ठेवली गेली. वीटभट्टीवर, मासळीच्या कारखान्यात किंवा घरकामात अडकवलेले माणूस त्या व्याख्येत बसतच नाही. जून २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या ढाका भेटीत भारत-बांगलादेश सामंजस्य करार झाला. त्याच्या नावातच तस्करी रोखणे, सुटका, परत पाठवणी आणि पुनर्वसन हे सगळे टप्पे आहेत आणि त्यासाठी दोन्ही देशांचे कृतिदल नेमायची तरतूद आहे.

या कागदांना मी कमी लेखत नाही. पालेर्मो उपकराराने आम्हा वकिलांना एक फार मोठी गोष्ट दिली: फसवणूक, धाक किंवा लाचारीचा गैरफायदा घेतलेला असेल, तर पीडितेची 'संमती' गैरलागू ठरते, आणि ती १८ वर्षांखालची असेल तर फसवणूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. २०१३ साली भारतीय दंड संहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले तेव्हा हाच विचार त्यात आला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तो कायम आहे. त्याआधी 'ती स्वतःहून आली होती' एवढ्या एका वाक्यावर आरोपी सुटत असत.

एक अडचण मात्र आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. संयुक्त राष्ट्रांनी दोन वेगळे उपकरार केले: एक माणसाला चोरट्या वाटेने सीमा ओलांडून देण्याच्या धंद्याबद्दल, दुसरा माणसाला शोषणासाठी नेण्या-विकण्याबद्दल. मराठीत दोन्हींना आपण 'तस्करी' म्हणतो. पोलिसांच्या कक्षाचे अधिकृत नाव तर 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष' असे आहे, ते ऐकून नवख्या माणसाला आरटीओची एखादी शाखा आठवावी. हा शब्दांचा घोळ कागदावर राहिला असता तर हरकत नव्हती. सीमेवरच्या इच्छामती नदीच्या काठावर जिथून माणसे पार केली जातात त्या जागांना 'घाट' म्हणतात. तिथे पैसे देऊन पार झालेली स्त्री ही कायद्याच्या दृष्टीने बेकायदा प्रवेश केलेली परदेशी असते, आणि तीच स्त्री भिवंडीत किंवा बुधवार पेठेत विकली गेली की पीडित असते. जबाब घेणाऱ्या अंमलदाराला पहिली गोष्ट पटकन सिद्ध करता येते, दुसरीला वेळ लागतो. म्हणून पहिली नोंदली जाते.

आता १९९६ सालची एक गोष्ट सांगतो, कारण आज जे अडते ते तेव्हा सर्वांत उघडपणे दिसले होते. मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रांतल्या बातम्यांची स्वतःहून दखल घेऊन आदेश दिल्यावर त्या वर्षी फेब्रुवारीत कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली-स्त्रियांना बाहेर काढले गेले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या नेपाळी होत्या. भारत-नेपाळ सीमा १९५० च्या करारानुसार खुली, तिथे पारपत्र लागत नाही, तेव्हा या मुलींना घरी पाठवणे सर्वांत सोपे असायला हवे होते. प्रत्यक्षात नेपाळ सरकारने त्यांना घ्यायला फार टाळाटाळ केली. त्यांच्याजवळ नेपाळी नागरिकत्वाचा दाखला नव्हता, आणि एड्सची भीती त्याहून मोठी होती. मुली महिनोन् महिने महाराष्ट्रातल्या गृहांत राहिल्या. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन शंभराहून अधिक मुलींना आपल्या जबाबदारीवर काठमांडूला नेले. त्यात 'माइती नेपाल' होती. नेपाळीत 'माइती' म्हणजे माहेर. परतलेल्या मुलींपैकी काहींनी पुढे 'शक्ति समूह' नावाची स्वतःची संघटना उभी केली आणि तिला २०१३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा सीमा खुली होती, संबंध चांगले होते, आणि तरी मुलगी आपली आहे हे मान्य करण्याचा एक कागद कुणी द्यायचा, यावर सगळे थांबले होते.

बांगलादेशी मुलीच्या बाबतीत तो कागद कसा तयार होतो ते पाहा. छापा पडतो, 'पिटा'खाली, म्हणजे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो, मुलगी अल्पवयीन असेल तर बालकल्याण समितीपुढे आणि सज्ञान असेल तर दंडाधिकाऱ्यांपुढे उभी केली जाते. त्या पहिल्या दिवशी, घाबरलेली असताना, तिला नाव-गाव विचारले जाते आणि जे उत्तर येते ते पुढची दोन वर्षे सगळ्या कागदांवर तसेच्या तसे उतरत जाते.

हे उत्तर बहुधा चुकीचे असते. तिला दलालाने पढवलेले असते की पकडली गेलीस तर कोलकात्याची आहे म्हणून सांग, नाहीतर तुरुंगात जाशील. ती उत्तर किंवा दक्षिण २४ परगण्यातले ऐकीव गाव सांगते. परिविक्षा अधिकारी त्या पत्त्यावर पत्र पाठवतात, तीन-चार महिन्यांनी 'असे कुटुंब आढळून आले नाही' असे उत्तर येते, आणि मग कुठे ती एखाद्या रात्री निवासगृहातल्या ताईंजवळ रडत खरे सांगते. तोवर पहिले वर्ष अर्धे संपलेले असते.

खरे सांगितल्यावरही कहाणी संपत नाही. बंगाली घरात मुलीला दोन नावे असतात: घरात हाक मारायचे डाकनाम आणि शाळेच्या दाखल्यावरचे भालो नाम. कोठ्यावर घरवालीने, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईने, तिसरे ठेवलेले असते. गावात चौकशीला गेलेला हवालदार दाखल्यावरचे नाव विचारतो तेव्हा शेजारीण प्रामाणिकपणे सांगते की अशी कुणी मुलगी इथे नव्हती. बापाच्या नावाचेही तेच. गावाचे नाव तर विचारूच नका. रामनगर, गोपालपूर, रघुनाथपूर ही नावे आपल्याकडच्या पिंपळगावासारखी आहेत, एकाच जिल्ह्यात दोन-तीन सापडतात. त्यात उच्चाराची भर पडते. मुलगी 'शातखिरा' म्हणते, अंमलदार तसेच देवनागरीत लिहितो, कारकून त्याचे इंग्रजी करतो, आणि ढाक्यात ते पुन्हा बंगालीत वाचले जाते, जिथे तो जिल्हा 'सातक्षीरा' असा लिहितात. जशोर जिल्ह्याचे इंग्रजी स्पेलिंग तर तिथल्या सरकारने २०१८ साली अधिकृतपणे बदलले. आपल्या कार्यालयांतले जुने नमुने अजून जुन्याच स्पेलिंगवर चालतात. एका मुलीचे प्रकरण माझ्या डोळ्यांदेखत ११ महिने लांबले, कारण कुणीतरी 'उपजिल्हा' या रकान्यात 'युनियन'चे, म्हणजे काही गावांच्या गटाचे, नाव लिहिले होते. बांगलादेशात पत्ता ग्राम, डाकघर, युनियन, उपजिल्हा, जिल्हा असा चढत जातो. आपल्या अर्जात गाव, तालुका, जिल्हा एवढेच असते. मधली एक पायरी गळाली की पत्र भलत्याच पोलीस ठाण्यात जाते.

हे पत्र जाते कसे? निवासगृहातून जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे आणि तिथून मुंबईतल्या बांगलादेशच्या उपउच्चायुक्तालयाकडे. तिथून ढाक्याला, तिथल्या गृह मंत्रालयामार्फत पोलिसांच्या विशेष शाखेकडे, मग जिल्ह्याला, मग ठाण्याला. ठाण्याचा माणूस घरी जाऊन आई-बापाचे जबाब घेतो, युनियन परिषदेच्या अध्यक्षाचा दाखला जोडतो आणि हाच सगळा प्रवास उलट सुरू होतो. नागरिकत्वाची खात्री झाली की उपउच्चायुक्तालय एकेरी प्रवासाचा परवाना देते, मग परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची देश सोडण्याची परवानगी, मग न्यायालयाचा किंवा समितीचा आदेश, मग पोलीस बंदोबस्त, मग हावड्याचे आरक्षण. प्रवासाच्या परवान्याला मुदत असते, आणि बंदोबस्ताला महिला पोलीस मिळेपर्यंत ती उलटून गेल्याची उदाहरणे माझ्याकडे आहेत. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत बंदोबस्त मिळणे किती कठीण असते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको.

या साखळीतल्या कुठल्याही एका माणसाला मी दोष देणार नाही, प्रत्येकाच्या टेबलावर इतर शंभर कामे असतात. पण हे काम जिथे लवकर झाले आहे, तिथे एक गोष्ट नेहमी आढळली आहे. सरकारी पत्र निघण्याच्या आधीच इथल्या संस्थेने पलीकडच्या संस्थेला, उदाहरणार्थ 'राइट्स जशोर'ला किंवा बांगलादेशातल्या महिला वकिलांच्या राष्ट्रीय समितीला, दूरध्वनी केलेला असतो आणि त्यांच्या कार्यकर्तीने दुचाकीवरून जाऊन घर शोधून काढलेले असते. मग सरकारी पत्र योग्य पत्त्यावर जाते आणि उत्तर काही आठवड्यांत येते. सरकारी सहकार्य खासगी ओळखींच्या पायावर उभे असावे हे मला योग्य वाटत नाही, पण आज ते तसेच आहे. म्हणून २०१५ च्या करारातून एकच गोष्ट नीट राबवायची असेल, तर या संस्थांनी शोधलेल्या घराच्या अहवालाला दोन्ही सरकारांनी प्राथमिक खात्री म्हणून मान्यता द्यावी आणि पोलीस चौकशी त्यावर चालवावी, असे मी दर वेळी सांगत आलो आहे.

दुसरी अडचण मुलगी साक्षीदार असण्याची. खटला उभा राहीपर्यंत तिला इथेच ठेवा, असे सरकारी पक्षाला वाटते, कारण ती गेली की खटला गेला. कायद्यात तसे काही नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत 'पिटा'चे कलम १७ चौकशीच्या काळात तिला तीन आठवड्यांपेक्षा जास्त ताब्यात ठेवू देत नाही. त्यानंतर काळजी व संरक्षणाची गरज आहे असे ठरले तरच एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते. 'साक्ष बाकी आहे' हे त्यात कारण म्हणून कुठेही लिहिलेले नाही. तरी व्यवहारात ते कारण चालते. परिणाम असा होतो की आरोपी घरवाली काही महिन्यांत जामिनावर बाहेर येऊन त्याच गल्लीत बसते आणि मुलगी कुलपाआड तिच्या तारखेची वाट पाहते. दोन वर्षे वाट पाहिलेली मुलगी उलटतपासणीत काय बोलते? 'मला काही आठवत नाही, मला घरी जाऊ द्या.' तिला फितूर ठरवले जाते आणि खटला तसाही जातोच.

याला उत्तर आहे आणि ते महाराष्ट्रातूनच आले आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात अमेरिकेतल्या एका डॉक्टरची साक्ष मुंबईच्या न्यायालयात दूरचित्रसंवादाने घेता येईल का, असा प्रश्न होता. उच्च न्यायालयाने नाही म्हटले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपीसमोर साक्ष म्हणजे एकाच खोलीत साक्ष असे नव्हे. ही मुभा खरी उपयोगी पडली ती अशा मुलींसाठी. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या तस्करीग्रस्त बालसाक्षीदारांसाठी अशा साक्षीची कार्यपद्धतीही मान्य केली. मी स्वतः मुंबईतल्या न्यायालयात अशा साक्षी नोंदवल्या आहेत. पडद्यावर मुलगी आई शेजारी बसलेली, अंगावर घरचे कपडे, आणि जी मुलगी निवासगृहात मान वर करत नव्हती ती आरोपीकडे बोट दाखवून सांगते की हिने मला दाराला कुलूप लावून ठेवले होते. तो फरक पाहिल्यापासून मुलीला साक्षीसाठी थांबवून ठेवण्याला मी प्रत्येक वेळी हरकत घेतो.

यातही अडथळे आहेत. साक्षीदार परदेशात असेल तर दूरच्या टोकाला भारतीय वकिलातीचा अधिकारी उपस्थित असावा, असे दूरचित्रसंवादाच्या आदर्श नियमांत म्हटले आहे. बांगलादेशात आपला उच्चायुक्त ढाक्याला आणि सहायक उच्चायुक्तालये चट्टग्राम, राजशाही, सिल्हेट व खुलना येथे. खेड्यातल्या मुलीने, शेजाऱ्यापाजाऱ्यांना न कळू देता, कामाचा दिवस बुडवून तिथवर जायचे; इथे न्यायालयात त्या दिवशी आरोपीचा वकील गैरहजर असला की पुढची तारीख. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे, एवढी साधी गोष्ट विसरल्याने एक साक्ष वाया गेलेली मी पाहिली आहे. बंगाली दुभाषा हवा, आणि तो तिच्या भागातली बोली समजणारा हवा. यापेक्षा बांगलादेशातल्या जिल्हा न्यायालयाचा अधिकारीच दूरच्या टोकाचा समन्वयक म्हणून दोन्ही देशांनी मान्य केला, तर अर्धे प्रश्न सुटतील. त्याला नवा करार लागत नाही, कारण फौजदारी प्रकरणांत परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार दोन देशांत २०१० सालीच झालेला आहे.

आता मुलीवरच गुन्हा नोंदवण्याबद्दल. केंद्रीय गृह मंत्रालयाने १ मे २०१२ रोजी सर्व राज्यांना सूचना पाठवली होती की परदेशी स्त्री किंवा बालक तस्करीचे बळी आहे असे तपासात आढळले, तर केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून तिच्यावर परदेशी नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये. ती सूचना आहे, कायदा नाही, आणि अनेक पोलीस ठाण्यांत ती कुणी वाचलेली नसते. मी सोबत तिची प्रत ठेवतो. १९४६ चा तो कायदा जाऊन आता २०२५ चा स्थलांतर व परदेशी नागरिक कायदा आला आहे, त्यातही विना कागदपत्र प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच वर्षी मुंबई परिसरातून बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना नंतर परत आणावे लागले. नागरिकत्वाची खात्री करायला वेळ लागतो हे मी वर रडगाणे गाऊन सांगितले आहे, पण खात्री न करता पाठवण्याचा मार्ग तस्करीग्रस्त मुलीसाठी त्याहून वाईट आहे. रात्री नदीकाठी सोडलेल्या मुलीला घ्यायला कुणी संस्था आलेली नसते. जो पहिला माणूस भेटतो तो घाटावरचाच असतो. परदेशी स्त्रीलाही घटनेच्या २१ व्या कलमाचे, म्हणजे जगण्याच्या हक्काचे, संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हावडा स्थानकावरच्या यात्री निवासात बलात्कार झालेल्या एका बांगलादेशी स्त्रीला १० लाख रुपये भरपाई देताना स्पष्ट केलेले आहे.

गुन्हेगार पकडण्याच्या बाबतीत सहकार्य याहून विरळ आहे. मुंबईतला खटला घरवाली आणि व्यवस्थापक यांच्यापाशी थांबतो. गावातून मुलीला नेणारा, बहुतेक वेळा नात्यातला किंवा शेजारचा, आणि घाटावरचा माणूस यांची नावे जबाबात असतात, दोषारोपपत्रात 'फरार' म्हणून येतात आणि तिथेच राहतात. बांगलादेशचा २०१२ चा तस्करीविरोधी कायदा कडक आहे, पुष्कळदा मुलीच्या बापाने तिकडे स्वतंत्र फिर्यादही केलेली असते. मात्र इथल्या तपास अधिकाऱ्याला तिकडच्या फिर्यादीची खबर नसते, तिकडच्याला इथल्या छाप्याची नसते. दोन अर्धे खटले दोन देशांत वेगवेगळे मरतात. तिकडचा बहुधा गावातल्या शालिशीत, म्हणजे पंचांपुढच्या तडजोडीत, काही हजार टाका (तिकडचे चलन) घेऊन मिटतो. विनंतीपत्र पाठवून पुरावा मागण्याची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ११२ मध्ये आहे, २०१३ पासून प्रत्यार्पण करारही आहे, २०१९ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय तपास यंत्रणेला तस्करीचे गुन्हे हाती घेण्याचा अधिकार मिळाला आहे. पण साध्या पोलीस ठाण्यातल्या उपनिरीक्षकाने गृह मंत्रालयामार्फत विनंतीपत्र पाठवायचे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला ते का पाठवले जात नाही हे विचारावे लागत नाही.

त्या मानाने पैशाचा माग सोपा आहे आणि त्याचाच वापर सर्वांत कमी होतो. मुलीची किंमत सीमेपलीकडे हुंडीने किंवा मोबाइलवरच्या पाकिटातून जाते. 'पिटा'ची काही कलमे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि दोन्ही देशांच्या आर्थिक गुप्तवार्ता यंत्रणा अशा यंत्रणांच्या एग्मॉन्ट या आंतरराष्ट्रीय गटाच्या सदस्य असल्याने त्यांना एकमेकींकडे थेट माहिती मागता येते. मुलीच्या जबाबात 'पैसे कुणाच्या नंबरवर गेले' हा एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला, तर गावातल्या दलालापर्यंत जाणारी वाट तिथून निघते. मी पाहिलेल्या जबाबांत हा प्रश्न क्वचितच आढळतो.

सरकारला हे जमतच नाही असे कुणी म्हणू नये. म्यानमारमधल्या म्यावाडी भागात ऑनलाइन फसवणुकीच्या कारखान्यांत अडकवलेल्या भारतीयांना, त्यांत महाराष्ट्रातली मुलेही होती, मार्च २०२५ मध्ये थायलंडमधल्या मे सोतहून हवाई दलाच्या विमानांनी आणले गेले. दोन दिवसांत ५४९ जण. त्या मुलांकडून गुन्हे करवून घेतले होते, त्यांनी सीमा बेकायदा ओलांडली होती, तरी त्यांना प्रथम पीडित म्हणून पाहावे, ओळख लवकर पटवून घरी जाऊ द्यावे, अशी अपेक्षा आपण थायलंडकडून ठेवली आणि ती रास्तच होती. बांगलादेशी मुलीची आई आपल्याकडून नेमकी हीच अपेक्षा ठेवून आहे.

आता आपल्या मुलीबद्दल. तिची फाईल मी पाहिलेली नाही, पण १९ महिने म्हटल्यावर पत्त्यातच घोळ असण्याची शक्यता सर्वांत जास्त. बालगृहाच्या अधीक्षिकांची परवानगी घेऊन, बंगाली बोलणाऱ्या एखाद्या ताईला सोबत नेऊन तिच्याशी निवांत बसा. 'तुझा पत्ता काय' असे विचारू नका. तिच्या गावाजवळचा हाट कुठल्या वारी भरतो, शाळेत जाताना नदी लागते की खाल (कालवा), मदरशाचे किंवा शाळेचे नाव काय, आजारी पडल्यावर कुठल्या गावच्या डॉक्टरकडे नेत, मामाचे गाव कोणते, बापाला लोक काय म्हणून हाक मारतात, तिचे डाकनाम काय, हे विचारा. मोबाइलवर नकाशा उघडून हाटापासून घरापर्यंत तिलाच बोट फिरवू द्या. अनेक मुलींना गावाचा उपजिल्हा माहीत नसतो, पण पूल आणि विटांची भट्टी बरोबर ओळखता येते. मिळालेली सगळी नावे बंगाली लिपीत लिहून घ्या, शेजारी देवनागरी आणि इंग्रजी, आणि ते पान अधीक्षिकांमार्फत बालकल्याण समितीला द्या. समितीकडून एक प्रत उपउच्चायुक्तालयात जाईल आणि एक सीमेपलीकडच्या संस्थेला पाठवण्याची परवानगी मागा. मुलीला मात्र 'आता लवकर जाशील' असे सांगू नका. ते तिने १९ महिन्यांत पुष्कळदा ऐकले असेल. आईचा दूरध्वनी क्रमांक तिला आठवतो का, एवढे शेवटी विचारा. बहुतेकींना तो पाठ असतो, आणि बहुतेकींना तो आजवर कुणी विचारलेला नसतो.